क्रमांक पुसला तरी माणूस ओळखू येतो

जनगणना म्हटली की घरोघरी जाणारा प्रगणक आठवतो. डेन्मार्कने मात्र १९८१ साली एकाही घरी प्रश्नावली न पाठवता संपूर्ण जनगणना केली. १९६८ पासून तिथल्या प्रत्येक रहिवाशाला दहा अंकी क्रमांक होता. कर, घर, नोकरी यांच्या सरकारी नोंदींवरही तोच असल्याने त्या एकमेकींशी जोडता आल्या. अशा जोडणीचे मोल मला पुरेपूर मान्य आहे, कारण बालपणातील आजारपणाचा तिशीतल्या कमाईवर काय परिणाम होतो, हे तिच्यावाचून कळणे फार अवघड आहे.

पण अशा जोडलेल्या नोंदींबाबत दिल्या जाणाऱ्या 'नावे आणि क्रमांक वगळले आहेत' एवढ्या आश्वासनावर माझे समाधान होत नाही. डॅनिश क्रमांकाचे पहिले सहा अंक म्हणजे जन्मतारीख. आता समजा, सांख्यिकी कार्यालयाने सर्वांना ठाऊक असलेल्या एखाद्या सूत्राने क्रमांकाचे सांकेतिक अक्षरांत रूपांतर केले. शंभर वर्षांचे दिवस ३६,५२५ आणि प्रत्येक दिवसामागे उरलेल्या चार अंकांच्या जास्तीत जास्त १०,००० जुळण्या, म्हणजे एकूण शक्यता साडेछत्तीस कोटींच्या आसपास. त्या सगळ्या सूत्रातून काढून मूळ क्रमांक हुडकणे हे आजच्या संगणकाला काही मिनिटांचे काम आहे. म्हणून सूत्राला गुप्त किल्लीची, म्हणजे मोजक्यांनाच ठाऊक असलेल्या सांकेतिक आकड्याची, जोड हवी, आणि ती किल्ली आकडेवारी हाताळणाऱ्यांच्या हाती असता कामा नये.

तेवढ्यानेही भागत नाही. अमेरिकेतील १९९० च्या जनगणनेच्या आधारे संगणकशास्त्रज्ञ लटान्या स्वीनी यांनी असा अंदाज मांडला, की जन्मतारीख, लिंग आणि टपाल विभागाचा क्रमांक एवढ्या तीनच गोष्टींवरून तिथले सुमारे ८७ टक्के लोक एकमेवपणे ओळखता येतील.

सर्वांत मोठा धोका मला माहितीच्या उलट्या प्रवासात दिसतो. पश्चिम जर्मनीत १९८३ साठी ठरलेल्या जनगणनेत भरून घ्यायच्या माहितीवरून नगरपालिकांची रहिवासी नोंदवही दुरुस्त करण्याची तरतूद होती. घटनात्मक न्यायालयाने १५ डिसेंबर १९८३ रोजी ती रद्द केली आणि स्वतःविषयीच्या माहितीचे काय व्हावे हे ठरवण्याचा व्यक्तीचा हक्क मान्य केला. नव्या कायद्याने ती जनगणना १९८७ मध्ये पार पडली. प्रशासनाकडून सांख्यिकीकडे माहिती खुशाल जावी. परंतु सांख्यिकीकडून करनिरीक्षकाच्या किंवा पोलिसांच्या टेबलावर एकाही व्यक्तीची नोंद परत येऊ नये, आणि ही बंदी अधिकाऱ्याच्या मर्जीवर न ठेवता कायद्यातच लिहिलेली असावी.