सेंट क्रॉसमधली बिऱ्हाडं

मी टूर मॅनेजर आहे, मराठी ग्रुप घेऊन इंग्लंड-युरोप फिरवतो आणि ग्रुपमध्ये बहुतेक मंडळी साठीच्या पुढची असतात. लंडनहून स्टोनहेंजकडे जाताना आम्ही विंचेस्टरला थांबतो, कॅथीड्रल बघतो आणि पुढे निघतो. त्या दिवशी स्टोनहेंजचा स्लॉट उशिराचा होता, हातात वेळ होता, आणि कॅथीड्रलमधून बाहेर आल्या आल्या मंडळींनी स्पष्ट सांगून टाकलं की बाबा रे, आता आणखी चर्च नको. म्हटलं चला, एक जागा दाखवतो, ज्ञानेश्वर माउली जन्माला यायच्या सव्वाशे वर्षांहून जास्त आधी सुरू झालेली आणि आजही तिथे म्हातारी माणसं राहतात.

ज्यांचे गुडघे धड होते ते माझ्याबरोबर इचेन नदीच्या काठाने चालत आले, बाकीचे कोचने. मैलभराचंच अंतर आहे, दोन्ही बाजूंना ओलं गवत, मधे स्वच्छ उथळ पाणी, आणि समोर त्या जागेची, हॉस्पिटल ऑफ सेंट क्रॉसची, धुराडी दिसायला लागतात.

नावात हॉस्पिटल असलं तरी तो दवाखाना नाही, आल्म्सहाऊस आहे, म्हणजे दानातून चालणारी गरीब वृद्धांची घरं. ११३० च्या दशकात बिशप हेन्री ऑफ ब्ल्वा याने ते काढलं. हा विल्यम द कॉन्करर या राजाचा नातू आणि स्टीफन राजाचा भाऊ, म्हणजे घरात सत्ता आणि पैसा दोन्ही. तेरा अगदी थकलेल्या गरीब माणसांना इथे राहायला जागा, कपडे, जेवण, आणि शिवाय रोज बाहेरच्या शंभर गरिबांना जेवू घालायचं अशी सोय त्याने लावून दिली. त्या शंभर जणांचा हॉल बाहेरच्या चौकात अजून आहे, त्याचं नावच हंड्रेड मेन्स हॉल.

बोफर्ट टॉवरच्या कमानीखाली पोर्टरची खिडकी आहे. तिथे मागितलं की वाटसरूला आजही पावाचा तुकडा आणि शिंगाच्या छोट्या पेल्यात बिअर मिळते, वेफेअरर्स डोल म्हणतात त्याला. मागितलं तरच मिळते हं. आमच्यातल्या दोघा-तिघांनी पेला घेतला, बाकीच्यांनी नुसता पाव, आणि एका आजींनी तो कपाळाला लावून तोंडात टाकला, प्रसाद घेतात तसा, त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं.

आतला चौक मोठा, मधे हिरवळ, एका बाजूला ते जाड भिंतींचं नॉर्मन चर्च आणि समोर पश्चिमेला एकमजली माडीची लांबच लांब ओळ. ग्रुपमध्ये पीडब्ल्यूडीतून रिटायर झालेले एक काका होते, ते चर्चकडे बघेचनात, वर बोट करून म्हणाले, "अरे, एवढी धुराडी कशाला लागतात यांना?"

मला या प्रश्नाचा इतका आनंद झाला की काय सांगू, कारण सगळी गंमत त्या धुराड्यांतच आहे. जुन्या काळी अशा ठिकाणी एक लांब दालन असायचं, दोन्ही बाजूंना ओळीने खाटा आणि टोकाला चॅपल, म्हणजे पडल्या पडल्या प्रार्थना ऐकू यावी. चिचेस्टरला सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये ते तेराव्या शतकातलं अवाढव्य छप्पर अजून उभं आहे, पुढे सतराव्या शतकात त्याच छपराखाली भिंती घालून छोटी छोटी घरं केली आणि विटांची धुराडी थेट छपरातून वर काढली. सेंट क्रॉसला मात्र विंचेस्टरचा तेव्हाचा बिशप कार्डिनल बोफर्ट याने १४४५ मध्ये, चांगल्या घरातली पण दैवाने खाली आलेली माणसं ठेवायला म्हणून नवी देणगी दिली, आणि या ओळी त्या काळातल्या. एका जिन्याला चार बिऱ्हाडं, दोन खाली दोन वर, प्रत्येकाला बसायची खोली, निजायची खोली आणि स्वतःची शेकोटी. शेकोटी आली की धुराडं आलंच. काका म्हणाले, आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यासारखंच की, फक्त भांडणं कमी असतील. मला तर वाटतं की चर्चपेक्षा ही ओळच जास्त मोलाची आहे, पंधराव्या शतकात पैसे संपलेल्या म्हाताऱ्याला स्वतःचा विस्तव द्यावा हे कुणाला तरी सुचलं आणि त्यासाठी त्याने दगड-चुन्याचा एवढा खर्च केला.

"आणि ट्रस्टी खात नाहीत का पैसे?" मागून एकांनी विचारलं. खाल्ले ना, भरपूर खाल्ले. एकोणिसाव्या शतकात बिशपने आपल्याच मुलाला इथला मास्टर, म्हणजे प्रमुख, नेमलं, तो पुढे अर्ल ऑफ गिल्फर्ड झाला, आणि जमिनींचं उत्पन्न वर्षानुवर्षं त्याच्या खिशात. प्रकरण पेपरांत गाजलं, कोर्टात गेलं, १८५५ मध्ये त्याला जावं लागलं. हे ऐकून मंडळींना एकदम घरच्यासारखं वाटलं असावं, सगळे बोलायला लागले.

तेवढ्यात तिथलेच एक ब्रदर आले, तिथे राहणाऱ्या वृद्धांना ब्रदर म्हणतात, काळा झगा, छातीवर चांदीचा क्रॉस. मूळच्या ब्ल्वाच्या संस्थेतले काळ्या झग्यातले आणि बोफर्टच्या देणगीतले लाल झग्यातले, अशी पद्धत आहे, आज दोन्ही मिळून साधारण पंचवीस जण राहतात. ग्रुपमध्ये एक काकू होत्या, सगळ्या टूरभर फारसं न बोललेल्या. त्या पुढे आल्या आणि माझी बाही ओढून म्हणाल्या, "त्यांना विचार ना रे, दार आतून लावता येतं का?"

मी विचारलं. आजोबांनी खिशातून किल्ली काढून दाखवली. मग काकू थांबेचनात, चहा स्वतःचा स्वतः करता येतो का, पाहुणा आला तर कुणाला विचारावं लागतं का, आजारी पडलं तर काय, आणि आजोबा एकेकाचं नीट उत्तर देत होते, मी मधे भाषांतर करतोय. चहा स्वतः करतो, मुलगी येते तेव्हा कुणाची परवानगी लागत नाही, सकाळी प्रार्थनेला दिसलो नाही तर कुणीतरी दार ठोठावतंच.

कोचमध्ये काकू माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसल्या. परत गेल्यावर पुण्याजवळच्या एका वृद्धाश्रमात जायचं ठरलं होतं, मुलाने आग्रह केला नव्हता, त्यांचाच निर्णय, पण खोली दोघींत होती आणि चहा ठरलेल्या वेळी येणार होता. मी काय बोलणार, मी नुसतं ऐकत होतो. मग त्यांनी मुलाला फोन लावला आणि म्हणाल्या, "अरे, पैसे थोडे जास्त लागले तरी चालतील, मला एकटीची खोली बघ, आणि गॅस नाही तर निदान इंडक्शनची शेगडी ठेवू देतात का ते आधी विचार."

स्टोनहेंजला पोचेपर्यंत मुलाचे दोन फोन येऊन गेले होते.