तुम्ही विचारलेत म्हणून: मोठे कधी लिहिणार?

‘आता काहीतरी मोठे लिहा’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे, की समोरच्याने तोंड उघडण्यापूर्वीच ते येणार असल्याचे मला कळते. आधी माझ्या एखाद्या दीडशे शब्दांच्या कथेचे मनापासून कौतुक होते, मग समोरचा जरा घुटमळतो आणि त्यानंतर हा सल्ला येतो. जणू मी इतकी वर्षे मैदानाच्या कडेला अंग मोकळे करत होतो आणि खरी शर्यत अजून सुरूच व्हायची आहे. हल्ली प्रश्न थोडा बदलला आहे. लोकांना वाचायला वेळ नसतो म्हणून तुम्ही इतके आखूड लिहिता का, असे विचारतात. नाही. वाचकांचा वेळ वाचवायचा असता तर मी लिहिलेच नसते, त्यात सगळ्यांचाच वेळ वाचला असता.

तरीही हा प्रश्न मला झटकून टाकता येत नाही, कारण तो मी स्वतःलाही विचारत आलो आहे आणि बारा वर्षांत त्याची जी उत्तरे दिली, त्यांतली निम्मी आज मला मान्य नाहीत.

हा विषय निघाला की कुणीतरी ‘विकणे आहे: बाळाचे बूट, कधीच न घातलेले’ ही इंग्रजीत सहा शब्दांची जाहिरात अमेरिकी कथाकार हेमिंग्वेची कथा म्हणून ऐकवतोच. ती हेमिंग्वेने लिहिल्याचा पुरावा नाही. त्याचा जन्म १८९९ सालचा आणि त्याच आशयाचा मजकूर तो शाळकरी वयाचा असतानाच अमेरिकी वर्तमानपत्रांत छापून येत होता. माझा राग मात्र खोट्या श्रेयावर नाही. अतिलघुकथा म्हणजे कोडे, ते वाचकाने सोडवायचे, हळहळायचे आणि पुढे जायचे, अशी समजूत त्या सहा शब्दांनी रुजवली आणि तिला बळी पडलेल्यांत मी आघाडीवर होतो. पहिल्या वर्षी मी लिहिलेल्या अलकांमध्ये (‘अति लघु कथा’चे हे नाव आता सर्वांच्या तोंडी बसले आहे) अकरा पात्रे शेवटच्या ओळीत आधीच मेलेली निघाली. दोन पात्रे कुत्री निघाली आणि एक चक्क आरसा निघाला. एवढ्या भांडवलावर मी एका कार्यशाळेत नवशिक्यांना ठासून सांगितले होते, की शेवटची ओळ आधी लिहा आणि मग तिच्या दिशेने चालत जा. ज्यांनी ते वहीत उतरवून घेतले, त्यांची मी माफी मागतो. आता मी शेवटची ओळ लिहितो, तिच्यावर आडवी रेघ मारतो आणि तिच्या आधीच्या ओळीवर थांबता येते का ते पाहतो. पुष्कळदा येते.

दुसरा गैरसमज मी त्याहूनही अधिक काळ जपला. दोन हजार शब्द लिहून त्यांतले अठराशे काढले की अतिलघुकथा तयार होते, असे मला वाटे. तसे केल्यावर हाती उरतो तो सारांश, आणि सारांशात माणसे नुसती असतात, वावरत नाहीत. पन्नास वर्षांचा संसार दोनशे शब्दांत मावत नाही. मात्र त्या घरात रोज रात्री दाराची कडी कोण लावते आणि आज ती कोणी लावली, एवढे निश्चित मावते. कापण्याचे कौशल्य नंतर लागते. आधी ती कडी सापडावी लागते, आणि ती सापडेपर्यंत महिनेच्या महिने निघून जातात, हे ‘दहा मिनिटांत लिहून होत असेल नाही?’ असे विचारणाऱ्यांच्या गावीही नसते.

यात मराठी भाषा पदरात फार घालते. ‘आलीस?’ एवढाच शब्द घ्या. जिला विचारले आहे ती स्त्री आहे, विचारणारा तिला ‘तू’ म्हणण्याइतका जवळचा आहे आणि तिची वाट पाहिली गेली आहे, हे सारे एका क्रियापदाने सांगून टाकले. सर्वनामाला उंबऱ्याच्या आतही यावे लागले नाही. ‘तूही आलीस’ आणि ‘तूच आलीस’ या दोन वाक्यांत एकाच अक्षराचा फरक आहे आणि दोन वेगळ्या कथा आहेत. अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणांना पुत्रजन्माचा आनंद होतो, असे संस्कृतात एक जुने वचन आहे. तो आनंद मी घेतला आहे. एखादे ‘आणि’ काढल्यावर वाक्य उभेच राहते, हे पाहताना जे सुख होते ते फार शहाणे नव्हे, हे मला उशिरा कळले.

सत्य अनुभव इतके आखूड लिहिता येतील असे मला वाटू लागले ते फेलिक्स फेनेओंमुळे. या फ्रेंच लेखकाने १९०६ साली पॅरिसच्या एका दैनिकात तीन-तीन ओळींच्या हजाराहून अधिक बातम्या निनावी लिहिल्या. अपघात, आत्महत्या, संप, चोऱ्या; सारे खरे आणि हुंदक्याला जागा न ठेवणारे. तो कोरडेपणा मी उचलला. पुढे एका अंकासाठी तीनशे शब्दांच्या आतले सत्य अनुभव मागवले गेले, तेव्हा वडील जाऊन चार वर्षे झाली होती आणि रुग्णालयातल्या त्यांच्या शेवटच्या रात्रीबद्दल मी एक शब्दही लिहिलेला नव्हता.

पहिला खर्डा नऊशे शब्दांचा झाला. त्यातून आधी डॉक्टरांशी झालेले बोलणे गेले, मग पंधरा मिनिटांनी एकदा डोकावणारी नर्स गेली, मग खिडकीबाहेरचा पाऊस गेला. पाऊस काढताना मला स्वतःचा अभिमान वाटला होता, हे कबूल करतो. तरी तीनशे वीस शब्द उरले. खर्ड्यात एक वाक्य होते: ‘रात्रभर मी आणि ताई आळीपाळीने त्यांच्या ओठांना ओला कापूस लावत राहिलो.’ त्यातले तीन शब्द मी काढले. ‘रात्रभर मी त्यांच्या ओठांना ओला कापूस लावत राहिलो.’ मराठीत ‘मी राहिलो’ आणि ‘आम्ही राहिलो’ यांचे क्रियापद एकच असल्यामुळे त्याला हातही लावावा लागला नाही आणि कापल्याची खूणही उरली नाही. त्यापुढे ताईचा जिथे जिथे उल्लेख होता, तोही मग आपोआप गळत गेला. पलंगाशी एक माणूस उरला, तो मी.

अंक निघाला. ‘असा मुलगा असावा’ अशी पत्रे आली. मी त्यांना आभाराची उत्तरे पाठवली.

ताईने आठवडाभराने फोन केला. ती चिडलेली नव्हती, आणि त्यामुळेच मला बचाव सुचेना. ती म्हणाली, “छान लिहिलंयस. पण मी कुठे होते रे त्या रात्री?” मी शब्दमर्यादा सांगितली. एका क्षणावर लेखन एकवटावे लागते, दुसरे पात्र आणले की त्याचीही बाजू सांगावी लागते, वगैरे जे मी कार्यशाळेत सांगतो ते सगळे तिला सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “‘मी’च्या जागी ‘आम्ही’ लिहिलं असतंस तर किती शब्द वाढले असते?”

एकही नाही.

पुढे ती म्हणाली, “आणि दोन ते चार तुझी पाळी होती. तू खुर्चीत झोपला होतास. उठवलं नाही मी.” हे मला माहीत होते. चार वर्षे माहीत होते. कापूस वाटीत ठेवल्याचा आवाज झोपेतही ऐकू येत होता आणि मी डोळे उघडले नव्हते.

यावर माझ्याकडे अजूनही एक उत्तर आहे आणि ते केवळ पळवाट नाही, असे मला वाटते. त्या खोलीत ताई हातभर अंतरावर असूनही मी एकटा होतो. माझा मजकूर त्या एकटेपणाबद्दल होता, शुश्रूषेच्या हजेरीपटाबद्दल नव्हता. ‘आम्ही’ घालून मी तो वाचून पाहिला आहे आणि तो खरोखरच पातळ होतो. हे मी ताईला सांगितले तेव्हा ती एवढेच म्हणाली, “मीही एकटीच होते की.” कथा असती तर बहीण नव्हतीच असे ठरवण्याचा मला अधिकार होता. सत्य अनुभवात मात्र वगळलेले माणूस जिवंत असते, अंक विकत घेते आणि फोन करते.

चक्रधरस्वामींच्या आठवणी सांगणाऱ्या तेराव्या शतकातल्या लीळाचरित्रात, म्हणजे मराठी गद्याच्या अगदी आरंभी, चार-पाच ओळींच्या कित्येक लीळा आहेत; आणि एखाद्या प्रसंगाची दुसऱ्या कुणाची आठवण वेगळी असेल, तर ‘एकी वासना’ म्हणजे ‘एका स्मृतीनुसार’ असे म्हणून तीही तिथेच नोंदलेली सापडते. तेव्हा आखूड मजकुरात दुसऱ्या साक्षीदाराला जागा नसते, हे कारण निदान मराठीत तरी मला पुढे करता येत नाही.

गेल्या वर्षी तो मजकूर एका संग्रहासाठी पुन्हा मागितला गेला. मला एक युक्ती सुचली आणि क्षणभर तोच वैयाकरणांचा आनंद झाला: ‘मी’ काढूनच टाकायचा. ‘रात्रभर त्यांच्या ओठांना ओला कापूस लावत राहिलो.’ एक शब्द आणखी कमी झाला आणि ‘राहिलो’मध्ये दोघेही मावले. मी तो ताईला पाठवला. तिचे उत्तर आले: “आता कोण लावत होतं तेच कळत नाही.” संग्रहाला मी दुसरेच काहीतरी दिले.

मोठे लिहिले असते तर ताईला जागा मिळाली असती, असे तुम्ही म्हणणार, हे मला ठाऊक आहे. नऊशे शब्दांचा तो पहिला खर्डा अजून माझ्याकडे आहे. त्यात ताई आहे, नर्स आहे, पाऊस आहे, आळीपाळीसुद्धा आहे. दोन ते चार मी झोपलो होतो, हे त्यातही नाही.