ओटीपी मुलाच्या फोनवर

"ओटीपी मुलाच्या फोनवर येतो, आणि तो कामावर गेलाय."

लॅबच्या काउंटरसमोरच्या आजी आज एवढंच म्हणाल्या. तपासणीचा रिपोर्ट ऑनलाइन, हातात रिकामी फाइल. मुलाने फोन उचलेपर्यंत ओटीपीची मुदत संपलेली.

ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. नोंदणी करताना आपण नंबर विचारतो, तो कोणाचा हे विचारत नाही. रिचार्जअभावी सिम बंद पडलं की तोच नंबर पुढे अनोळखी माणसाला मिळू शकतो. घरात एकच फोन असेल तर गरोदरपणाची, एचआयव्हीची तपासणी आधी दुसराच कुणी वाचतो. लॉगिन झालंच, तरी आकड्यापुढचा 'एच' म्हणजे प्रमाण जास्त, हे कोण सांगणार?

दर भेटीत नंबर पडताळायला अर्धा मिनिट लागतो. आणि कागदी प्रत मागणाऱ्याला "ऑनलाइन बघा" असं का म्हणायचं?