गुलमर्ग दोन सीझनमध्ये: गोल्फ मस्त, स्की मस्त, टंगमर्गला मात्र सावध

आधी निकाल सांगून टाकते, कारण ओळखीतले बरेच जण तिकिटं काढून बसलेत आणि रोज कोणाचा तरी फोन येतोय. गुलमर्गला मुलाबाळांसकट जा, सप्टेंबरात गोल्फसाठी जा, फेब्रुवारीत स्कीसाठी जा, दोन्ही वेळा पैसे वसूल आहेत. पण टंगमर्ग ते गुलमर्ग हे जे शेवटचे १३ किलोमीटर आहेत त्याबद्दल पुण्याहून निघताना कोणीही नीट सांगत नाही, आणि थंडीतल्या ट्रिपचा जेवढा म्हणून मनस्ताप आहे तो सगळा तिथेच होतो.

श्रीनगरहून गुलमर्ग पन्नासेक किलोमीटर. नारबळ, मागाम करत टंगमर्गपर्यंत रस्ता सपाट आणि सोपा, त्यापुढे पाइन-फरच्या झाडांमधून वळणावळणाचा चढ. सप्टेंबरात आम्ही गेलो तेव्हा श्रीनगरची गाडी थेट हॉटेलच्या दारात, टंगमर्ग कधी गेलं तेही कळलं नाही. त्यामुळे फेब्रुवारीत एजंटला पुन्हा विचारलं की गाडी हॉटेलपर्यंत ना, तर तो म्हणाला हो मॅडम, डोअर टू डोअर. आणि टंगमर्गला गाडी एका दुकानासमोर उभी राहिली, ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि म्हणाला, आगे ये गाड़ी नहीं जाएगी, चेन वाली लेनी पड़ेगी.

आता हे लक्षात घ्या की ड्रायव्हर खोटं बोलत नव्हता. बर्फ पडला की टंगमर्गच्या पुढे चाकांना साखळ्या लावलेल्या किंवा फोर बाय फोर गाड्याच सोडतात आणि ते योग्यच आहे, एकदा त्या वळणांवर गाडी घसरताना बघितली की कोणी वाद घालणार नाही. राग ह्याचा आहे की एजंटला हे शंभर टक्के माहीत असतं आणि तरी तो पॅकेजमध्ये लिहीत नाही, कारण लिहिलं तर पॅकेज महाग दिसतं. मग तुम्ही बर्फात, सामान खाली उतरवलेलं, सासूबाई थंडीने कुडकुडतायत, धाकट्याला सू लागलीय, आणि समोर चार माणसं चार भाव सांगतायत. अशा वेळी कोण घासाघीस करणार? आम्हाला एका बाजूचे साडेचार हजार सांगितले, शेवटी तीन हजारावर आला, आणि वर पोचल्यावर कळलं की तो फक्त पार्किंगपर्यंतचा भाव होता, हॉटेल तिथून बर्फातून अर्धा किलोमीटर. सामानासाठी स्लेजवाला वेगळा, तो माणशी नाही तर बॅगेमागे पैसे मागणार.

आणि ते दुकान. गाडी त्या दुकानासमोरच का थांबली हे तुम्हाला कळलंच असेल. गमबूट आणि लांब कोट भाड्याने घेतल्याशिवाय वर सोडतच नाहीत असं तिथे छातीठोकपणे सांगतात. साफ खोटं. वर कोणीही तुमचे बूट तपासत नाही. तुमच्याकडे चांगले वॉटरप्रूफ ट्रेकिंग शूज आणि जॅकेट असेल तर काहीही घेऊ नका, नसेल तर गुलमर्गमध्येही भाड्याने मिळतात आणि तिथे निदान साइज बघून घेता येते. तोच प्रकार गाइडचा. माणशी एक गाइड कंपल्सरी आहे म्हणून एक जण गाडीत चढूनच बसला, त्याला उतरवायला दहा मिनिटं गेली. फिरायला गाइड अजिबात कंपल्सरी नाही.

तर थंडीत जाणाऱ्यांनी काय करायचं ते नीट सांगते. गुलमर्गच्या हॉटेललाच फोन करून त्यांच्याकडून टंगमर्गला गाडी मागवा, बहुतेक हॉटेलं पाठवतात, आणि भाव व्हॉट्सॲपवर लिहून घ्या: गाडीचा, माणशी नाही, सामानासकट, हॉटेलच्या दारापर्यंत. निघायच्या दिवशी सकाळी परत फोन करून रस्ता कसा आहे विचारा, कारण ऊन पडून रस्ता मोकळा झालेला असला तरी खाली टंगमर्गला तेच सांगतात की चेनशिवाय जमणार नाही. दुपारी तीनच्या आत टंगमर्ग सोडा. आमच्या पुढच्या एका गाडीच्या साखळ्या एका वळणावर सुटल्या, ती आडवी झाली आणि तासभर कोणी हललं नाही, अंधार पडायला लागला होता, मोठ्या मुलीला गाडीत मळमळायला लागलं, ड्रायव्हर उतरून फावड्याने रस्त्यावर माती टाकत होता. तो ड्रायव्हर भला माणूस होता, गाडी उत्तम चालवली त्याने. त्या तीन हजारातले त्याला किती मिळाले देव जाणे. परतीचा भाव जातानाच ठरवू नका आणि पैसे आगाऊ तर मुळीच देऊ नका.

आता स्की. गुलमर्ग म्हटलं की सगळे गोंडोला म्हणजे केबल कारचा वरचा टप्पा (फेज टू), अफरवाटचा डोंगर, परदेशी लोक पावडरमध्ये, म्हणजे ताज्या भुसभुशीत बर्फात, उड्या मारतायत असे व्हिडिओ दाखवतात. ते खरंच आहे, आणि तुमच्यासाठी नाहीये. पहिल्यांदा स्की पायात घालणाऱ्या माणसाचं आणि मुलांचं सगळं शिक्षण खालीच होतं, क्लबहाऊसच्या आसपास, गोल्फ कोर्सच्याच उतारांवर. ज्या हिरवळीवर सप्टेंबरात नवरा पटिंग करत होता तिथे आमची पोरं फेब्रुवारीत स्नोप्लाव, म्हणजे स्कीची टोकं आत वळवून वेग कमी करणं, शिकली, आणि तिथून उभं राहून बघताना मला जो आनंद झाला तो अफरवाटच्या टोकावर झाला नाही. गोंडोलाचं तिकीट न काढताही स्कीची ट्रिप पूर्ण होते. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर फेज टूच्या तिकिटांसाठी एवढी धावपळ केली नसती.

उपकरणांचं: सरकारी आणि खासगी दोन्ही दुकानांत स्की, बूट, पोल मिळतात. नवशिक्याने स्की हनुवटीच्या उंचीपर्यंतच घ्यावी, लांब स्की गळ्यात मारतात ती परत करा. बुटात एकच मोजा, पूर्ण पोटरीपर्यंतचा, दोन मोजे घातले की पाय बधिर होणारच. नडगी बुटाच्या जिभेला टेकली पाहिजे आणि टाच वर उचलली जाता कामा नये, हे दुकानातच पाच मिनिटं उभं राहून तपासा, बाहेर जाऊन परत यायची ताकद उरत नाही. स्कीच्या कडांवर बोट फिरवा, गंजलेल्या असतील तर बदलून मागा. मुलांना हेल्मेट मागून घ्या, मागितल्याशिवाय देत नाहीत. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला पकडून ठेवणारा खटका, वजनाप्रमाणे सेट करून घ्या, मुलांचं तर स्वतः उभं राहून, कारण पडल्यावर स्की सुटली नाही तर गुडघा जातो.

इन्स्ट्रक्टर अर्ध्या दिवसाचाच घ्या. पूर्ण दिवस विकायचा प्रयत्न होतो पण नवशिक्याच्या मांड्या दुपारनंतर संपतात. सकाळी लवकर उतारावर कडक बर्फाचा पापुद्रा असतो, चारनंतर परत गोठायला लागतो, मधली वेळ सर्वात चांगली. ज्यांना खरोखर शिकायचंय, विशेषतः कॉलेजच्या मुलांना, त्यांनी हॉटेल-बिटेलच्या फंदात न पडता इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनिअरिंगच्या कोर्सची माहिती काढावी, संस्था केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची आहे, गुलमर्गलाच आहे, आणि तिथली शिकवण्याची शिस्त लांबून बघूनही कळते.

कोंगडोरीबद्दल कडक शब्दांत. गोंडोलाचा पहिला टप्पा गुलमर्गहून कोंगडोरीला जातो, सुमारे ३०८० मीटरवर, दुसरा तिथून अफरवाटच्या धारेवर, जवळजवळ ३९५० मीटर. पहिला टप्पा १९९८ पासून चालू आहे, दुसरा २००५ पासून. इन्स्ट्रक्टरने नवऱ्याला वर नेलं, कोंगडोरीचा उतार त्याला जमला, आणि मग सांगितलं की आता स्कीनेच खाली जाऊ, आसान है. तो झाडांमधून येणारा रस्ता दुपारी उशिरा काचेसारखा गोठलेला असतो, अरुंद असतो, आणि थांबायला जागाच नाही. नवरा फिट आहे, सिंहगड दर रविवारी चढतो, तरी बराचसा उतार कडेने घसरत आणि शेवटी स्की खांद्यावर घेऊन आला. नवशिक्यांनी कोंगडोरीहून खाली गोंडोलानेच यायचं. त्यावर चर्चा नको. आणि अफरवाटच्या आखून दिलेल्या, पेट्रोलिंग असलेल्या भागाच्या बाहेर तर पाऊल टाकायचं नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन पोलिश स्कीअर तिथे हिमस्खलनात गेले, फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन. ते सराईत लोक होते.

गोंडोलाचं तिकीट ऑनलाइनच काढायचं, नावावर, ओळखपत्रासकट, आणि सीझनमध्ये भराभर संपतं म्हणून विमानाच्या तिकिटानंतर पहिलं काम तेच. जास्त पैसे घेऊन तिकीट देतो म्हणणारे भेटतील, घेऊ नका. वारा सुटला की फेज टू बंद होतो, त्यामुळे वरच्या टप्प्यावर सगळी ट्रिप टांगून ठेवू नका. स्टँडवर घोडेवाले सांगतात गोंडोला तीन किलोमीटर लांब आहे. एक किलोमीटरच्या आसपास आहे, चाला.

आणखी एक, बर्फाची गॅरंटी कोणीही देऊ शकत नाही. जानेवारी २०२४ मध्ये, ऐन चिल्लई कलानमध्ये (काश्मीरच्या सर्वात कडक थंडीचे चाळीस दिवस), गुलमर्ग कोरडं होतं, पिवळ्या गवतावर पर्यटक फिरत होते. २०२५ मध्ये खेलो इंडिया विंटर गेम्स बर्फ नाही म्हणून फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावे लागले. त्यामुळे ख्रिसमसची सुट्टी आहे म्हणून डिसेंबरात स्की शिकायला जाऊ नका. फेब्रुवारीचा मध्य धरा आणि तारखा बदलता येतील असं बुकिंग करा, थोडे जास्त पडले तरी चालतील.

गोल्फबद्दल मी काय लिहू, नवरा अजून त्यातून बाहेर आलेला नाही आणि खरं सांगायचं तर मीही नाही, मी तर नुसती बरोबर चालत होते. २६५० मीटर उंचीवर १८ होल, चारी बाजूंनी पाइन-फरची झाडं आणि वर अफरवाटची धार. इंग्रजांनी १८९० च्या सुमारास इथे सहा होलांनी सुरुवात केली, सध्याचा कोर्स रणजित नंदांनी नव्याने आखलेला आहे. पुण्यात येरवड्याला खेळणाऱ्याला दोन गोष्टी जड जातात. एक म्हणजे हवा विरळ असल्यामुळे बॉल लांब जातो, नवऱ्याचे पहिल्या काही होलांवरचे शॉट ग्रीनच्या (होलाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या) पार पलीकडे, मग कॅडीने, म्हणजे पिशवी घेऊन बरोबर चालणाऱ्या माणसाने, सांगितलं साहब एक नंबर छोटा लो, म्हणजे कमी लांब मारणारी स्टिक, तेव्हा गणित जमलं. दुसरं म्हणजे जमीन सतत खालीवर, बॉल कुठे पडला दिसतच नाही, म्हणून कॅडीवर पैसे वाचवू नका, ह्या एका माणसावर केलेला खर्च पूर्ण ट्रिपमधला सर्वात योग्य खर्च होता. पोचल्या दिवशी खेळू नका, धाप लागते. सकाळी लवकरची वेळ घ्या, दुपारनंतर ढग येतात आणि सप्टेंबरातही गार पाऊस झोडपतो. स्वतःच्या गोल्फ स्टिक विमानात नेण्यापेक्षा आधी फोन करून क्लबकडे भाड्याच्या आहेत का विचारा. जुलै-ऑगस्टपेक्षा सप्टेंबर कितीतरी चांगला, गर्दी कमी, गवत हिरवं, आणि भारतात ह्यापेक्षा सुंदर गोल्फ कोर्स असेल असं मला तरी वाटत नाही.

न खेळणाऱ्यांसाठी कोर्सच्या बाहेरून ११ किलोमीटरचा गोल रस्ता आहे, हवा स्वच्छ असेल तर नंगा पर्बत दिसतो, आम्हाला दिसला. सासूबाईंनी निम्मा रस्ता आरामात केला. सेंट मेरीज चर्च बघा, १९०२ चं आहे. श्रीनगरचे दिवस आणि शिकारा वगैरे छान झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सटरफटर पण महत्त्वाचं: बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, निदान दोघांकडे पोस्टपेड हवं, टंगमर्गला उभं राहून हॉटेलला फोन करायचा तर तेच लागणार. रोख पैसे श्रीनगरलाच काढा, सुट्टे ठेवा. थंडीत खोलीत हीटिंग कसलं आहे ते बुकिंगच्या आधी विचारा, बुखारी (लाकूड-कोळशाची शेगडी) आहे की नुसता इलेक्ट्रिक ब्लँकेट, आणि लाइट गेली तर जनरेटर रात्रभर चालतो की दहापर्यंत. आमच्या हॉटेलमध्ये दहापर्यंत होता. पहिल्या रात्री पोरांना कपडे, टोप्या, सगळं घालूनच झोपवलं, दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजरकडे जाऊन बुखारीची खोली मागितली आणि ती मिळाली, त्यासाठी वेगळे पैसे मागितले ते दिले नाहीत. तुम्हीही देऊ नका, बुकिंगमध्ये हीटिंग लिहिलेलं असतं, तो मेसेज फोनमध्ये ठेवा आणि दाखवा.