स्वतःच्या वेळी पाहिलंत का?

मी सोनोग्राफी करते, कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. लग्नात, बारशाला, कुठेही ओळख निघाली की थोड्या वेळाने आवाज बारीक करून प्रश्न येतोच: "मशीन तुमच्या हाताखाली. स्वतःच्या वेळी मुलगा की मुलगी ते पाहिलंत की नाही?"

नाही पाहिलं. यावर कुणाचाच विश्वास बसत नाही.

तपासणी मैत्रिणीने केली. आधी फॉर्म 'एफ', गरोदर बाईच्या सोनोग्राफीसाठी कायद्याने भरावा लागणारा. हयात मुलं किती, मुलगे किती, मुली किती हे त्यात लिहावं लागतं आणि गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही अशी सही द्यावी लागते. रोज बायकांच्या सह्या घेणारी मी त्या दिवशी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला. समोर भिंतीवर पेशंटसाठी मोठा स्क्रीन होता, तो तिला बंद करायला लावला. अठरा-वीस आठवड्यांच्या तपासणीत डोकं, मणका, हृदयाचे चार कप्पे, मूत्रपिंडं, मूत्राशय, मांडीचं हाड असं खाली सरकत जावं लागतं. वाटेत जे दिसायचं ते तपासणाऱ्याला दिसतंच. तिने तोंडातून चकार शब्द काढला नाही, आणि मी छताचा पंखा बघत पडले.

कायद्याची भीती होतीच. महाराष्ट्राने १९८८ साली, देशात सगळ्यांत आधी, गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा केला. केंद्राचा १९९४ चा. नोंदणी जाते, तुरुंगही होतो. आणि आमचा जिल्हा! २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे इथे ८३९ मुली होत्या. २०११ ला ८६३ झाल्या, पण तोवर राज्यच ९१३ वरून ८९४ वर घसरलं होतं.

खरं कारण मात्र साधं आहे. मला खोटं बोलता येत नाही. कळलं असतं तर सासूबाईंनी चहाचा कप हातात देता देता तोंडावरून ओळखलं असतं. त्या वाईट नाहीत हो. पण त्यांना तीन मुलीच, आणि चौथ्या खेपेला आमचे हे झाले तेव्हा कुठे घरात त्यांचा शब्द चालायला लागला. अशा बाईपुढे पाच महिने गुपित सांभाळायचं माझ्याने झालं नसतं.

पेशंटचे नातेवाईक सरळ विचारत नाहीत. दाराशी रेंगाळतात, पावती घडी करत म्हणतात, "मॅडम, पेढे आणायचे की बर्फी?" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसले होते. आता संताप येतो. डोहाळजेवणातला खेळ तो: झाकलेल्या दोन वाट्या, एकीत पेढा, दुसरीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. तो उचलून या लोकांनी सौद्याची भाषा केली.

माझ्या डोहाळजेवणाला वाट्या सासूबाईंनीच मांडल्या. फुलांच्या वाडीत, हिरव्या साडीत घामाघूम बसले होते. सगळ्या आत्या-मावशा माझ्या हाताकडे बघत होत्या, जणू मला आतलं ठाऊकच आहे. मी डावीकडची उचलली. पेढा निघाला. सासूबाईंनी त्याचा अर्धा तुकडा माझ्या तोंडात घातला, अर्धा स्वतः खाल्ला.

चार महिन्यांनी लेक झाली. आता सात वर्षांची आहे, आणि पेढा तिला अजिबात आवडत नाही.