आनंदाची पाचशे चीवरं आणि आमच्या कपाटातल्या सतरा चादरी

परवा कपाट आवरायला काढलं तर चादरी निघाल्या सतरा, आणि घरात माणसं आम्ही चार. सोलापुरात आहेर म्हटलं की चादर नाहीतर टॉवेल, त्यामुळं प्रत्येकाच्या घरी असाच ढीग असणार. पण सध्या वर्षावास, म्हणजे भिक्खूंचा पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम, चालू आहे आणि त्याच आठवड्यात विहारात भंतेजींनी विनयातली, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथातली, एक गोष्ट सांगितली होती, ती डोक्यातनं जाईना.

कौशांबीच्या उदयन राजाच्या राण्यांनी बुद्धांचे शिष्य भंते आनंदांना पाचशे चीवरं, म्हणजे भिक्खूंची वस्त्रं, दान दिली. राजा चिडला, श्रमण आनंद काय कपड्याचं दुकान टाकणार आहे का म्हणाला, आणि सरळ जाऊन विचारलं एवढ्याचं काय करणार. आनंद म्हणाले, ज्यांची फाटलीत त्या भिक्खूंना वाटणार. मग जुन्या चीवरांचं काय? अंथरुणावर घालायला. तीही विरली की गादीची खोळ, मग जमिनीवर अंथरायला, मग पायपुसणं, मग धूळ झटकायचं फडकं, आणि शेवटी त्याच्या चिंध्या करून चिखलात मळून जमीन लिंपायची. राजा इतका खूश झाला की आणखी पाचशे दिली.

हे ऐकताना मला माझी आजीच दिसत होती हो. चादर विरली की वाकळंत, वाकळ फाटली की पायपुसणं, आणि शेवटी चूल सारवायचं पोतेरं. तिनं विनयपिटक वाचलेलं नव्हतं, पण तिच्या घरात कापड कचऱ्यात कधी गेलं नाही.

पर्यावरणाचं बोलायचं तर आपण लगेच झाडं लावण्यावर येतो, आणि लावावीतच, बुद्धांनी वनं-बागा लावणाऱ्यांचं, पाणपोई-विहिरी देणाऱ्यांचं पुण्य रात्रंदिवस वाढतं असं सांगितलंय, अशोकानं रस्त्याकडेला वड लावल्याचं स्तंभावर कोरून ठेवलंय. थायलंडमध्ये तर १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून भिक्खू जंगलतोड थांबवायला झाडालाच चीवर गुंडाळतात, झाडाची प्रव्रज्याच, म्हणजे भिक्खूची दीक्षाच. आणि हा वर्षावास तरी का सुरू झाला, तर पावसात फिरणाऱ्या भिक्खूंच्या पायाखाली हिरवं गवत आणि बारके जीव चिरडतात अशी लोकांनी तक्रार केली म्हणून. तीन महिने फिरणंच थांबवलं. मला हे फार मोठं वाटतं, कारण इथं उत्तर नवीन काही करण्यात नाही, थांबण्यात आहे.

हे असलं की ते होतं, हे थांबलं की ते थांबतं, बुद्धांचा प्रतीत्यसमुत्पाद, म्हणजे कार्यकारणाचा नियम, एवढ्यात आहे. चादरीत कापूस आहे, कापसात पाणी, रंगवायला परत पाणी, आणि आमच्या नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, उजनीसारखं ११७ टीएमसीचं धरण जिल्ह्यात असून. उन्हाळ्यात पारा ४३-४४ ला जातो. तृष्णा म्हणजे फक्त कारखानदाराची आणि उसाचीच असं मी आजवर समजत होतो, ती सतरा चादरींच्या रूपात माझ्या कपाटातपण घडी घालून ठेवलेली होती.

आठ चादरी बाजूला काढल्यात, स्टेशनवर झोपणाऱ्यांना थंडीच्या आधी द्यायच्या. दोन विरलेल्यांची आई वाकळ शिवतीये. आणि पुढच्या महिन्यात भाचीचं लग्न आहे, तिला आहेर काय द्यायचा ते घरात अजून ठरत नाहीये.