पोळी-भात सोडून बरं वाटलं का?

मी काही महिने पॅलिओ आहार केला हे कळल्यापासून लोकलमध्ये, लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या गच्चीवर, सगळीकडे हाच प्रश्न येतो. त्याआधी एक उपप्रश्न असतो, 'म्हणजे ते दीक्षितांचं का?' ते नव्हे. दीक्षित डाएटमध्ये मुख्य भर दिवसातून दोनदाच जेवण्यावर आणि ते पंचावन्न मिनिटांत आटपण्यावर असतो. पॅलिओत घड्याळाचं बंधन नाही, पदार्थांचं आहे. शेती सुरू होण्याआधीचा माणूस शिकार करून, कंदमुळं वेचून जे खात असेल तेवढंच खायचं. मासे, मटण, अंडी, भाज्या, फळं, कंद, सुकामेवा चालतो. धान्य, डाळी, दूध-दही, साखर बंद.

तर हो, बरं वाटलं. आणि सगळ्यात जास्त बरं वाटलं ते दुपारी. माझं काम दिवसभर आकड्यांचं. पूर्वी डब्यातल्या पोळ्या आणि भात खाल्ला की तीनच्या सुमाराला डोळे जड व्हायचे, एकच रकाना पुन्हा पुन्हा तपासावा लागायचा, मग चहा आणि त्याबरोबर बिस्किटं. डब्यात दोन भाज्या आणि बांगडा किंवा अंडी यायला लागल्यावर ती गुंगी गेली. बिस्किटांची आठवणही होईना. प्रथिनं आणि चोथा पोटात गेला की भूक उशिरा लागते, हे वाचलेलं होतं. अंगावर अनुभवलं तेव्हा पटलं. पित्ताचा त्रासही कमी झाला. वजन उतरलं, पण मला त्याचं तितकं अप्रूप नाही.

सुरुवातीचा आठवडा मात्र वाईट जातो, हे आधीच सांगून ठेवते. डोकं दुखतं, चिडचिड होते, जिना चढताना पाय गळतात. पिष्टमय पदार्थ एकदम कमी केले की शरीरात साठलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, वापरलं जातं, आणि त्याच्या एकेका ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. ते पाणी जातं, त्याच्यासोबत मीठही जातं. मला तेव्हा मीठ घातलेल्या सोलकढीनं तारलं. नारळाचं दूध, आमसुलं, लसूण, हिरवी मिरची, यातलं काहीच वर्ज्य नाही. पहिल्या आठवड्यात काटा भराभर खाली येतो तोही बराचसा या पाण्यामुळेच, तेव्हा त्यावरून हुरळून जाऊ नये.

खरी परीक्षा स्वयंपाकघरात होते. शेंगदाणा हे द्विदल, म्हणून कूट बंद. कूट नाही म्हणजे काकडीची कोशिंबीर नाही, भरली वांगी नाहीत, निम्म्या पालेभाज्या नाहीत. भरल्या वांग्यांचं मी असं केलं: सुकं खोबरं खरपूस भाजायचं, तीळ तडतडेपर्यंत भाजायचे, दोन्ही कांदा-लसणाबरोबर जाडसर वाटायचं, गूळ वगळायचा आणि चिंच थोडी कमी घालायची. वांगी छान झाली. पण पानात वाढून नुसती खाल्ली तेव्हा तोंड पोळलं आणि मीठही जास्त लागलं. आपली भाजी पोळीच्या तुकड्याबरोबर खायच्या हिशेबानं केलेली असते. नुसती खायची तर तिखट-मीठ निम्म्यावर आणावं लागतं. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगते. करून बघणाऱ्यांपैकी बरेच जण इथंच वैतागून सोडतात असा माझा अंदाज आहे.

सासूबाई माझं पान बघून म्हणाल्या, 'ही तर ऋषिपंचमी चाललीय रोज.' मला ते फार आवडलं. आमच्याकडे गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी नांगरलेल्या जमिनीतलं, बैलाच्या कष्टाचं काही खात नाहीत. अळू, सुरण, लाल माठ, भोपळा, पडवळ, शिराळं, सगळं एकत्र शिजतं. त्यातली मक्याची कणसं आणि सोबतचे वरीचे तांदूळ तेवढे बाजूला ठेवले तर ते जेवण पॅलिओच्या नियमांत चपखल बसतं. उकडीचे मोदक बसत नाहीत. ते मी खाल्ले आणि पुढेही खाणार.

या आहाराला पाया म्हणून दोन गोष्टी नेहमी सांगितल्या जातात. १९८५ साली बॉइड ईटन आणि मेल्विन कॉनर यांनी एका वैद्यकीय नियतकालिकात अश्मयुगीन आहारावर लेख लिहिला, आणि २००२ साली लॉरेन कॉर्डेन यांच्या पुस्तकानं हा आहार लोकप्रिय केला. प्रयोगही झाले आहेत. २००७ साली स्वीडनमधल्या स्टाफान लिंडेबर्ग यांच्या गटानं हृदयविकार आणि वाढलेली साखर असलेल्या २९ जणांचा १२ आठवड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दुसरा आहार घेणाऱ्यांपेक्षा पॅलिओवाल्यांची साखर जास्त सुधारली. माणसं थोडी, काळ थोडा, पण माझ्या दुपारच्या अनुभवाशी ते जुळतं.

'धान्य माणसाचं अन्नच नव्हे' हे पॅलिओच्या समर्थकांचं म्हणणं मात्र मला पटत नाही. जॉर्डनच्या ईशान्येकडच्या वाळवंटात शुबायका इथं जुन्या चुलींत जळक्या भाकरीचे तुकडे सापडले, सुमारे १४,४०० वर्षांपूर्वीचे. रानटी धान्य आणि पाणगवताचे कंद दळून केलेली ती भाकरी, शेतीच्या जवळपास चार हजार वर्षं आधीची. शिकार करून जगणारी माणसंच ती भाजत होती.

म्हणून माझ्या ताटात आधी परत आली ती डाळ. तुरीच्या शंभर ग्रॅम डाळीत बावीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. एवढं स्वस्त आणि चांगलं अन्न सोडून सुरमईच्या मागे धावायला आपल्या महिन्याच्या खर्चात जागा नसते. त्यात जून-जुलैत मासेमारी बंद, म्हणजे भाव आणखी चढे. मग दही आणलं, कारण दूध सोडल्यावर कॅल्शियमसाठी तीळ आणि काट्यासकट खायची मांदेली यांवरच सारी भिस्त होती. मटण आणि नारळ कमी केला, कारण तपासणीत एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढलेलं दिसलं. कामाच्या दिवशी दुपारचा डबा अजून पोळीशिवायच असतो, तो मी बदलणार नाही. रात्री आमटी आणि ज्वारीची भाकरी.

शाकाहारी मंडळी विचारतात तेव्हा मी स्पष्ट नाही म्हणते. डाळ आणि दूध दोन्ही काढल्यावर प्रथिनांसाठी मूठभर बदामांशिवाय काय उरतं? त्यांनी दुपारच्या पोळ्या कमी करून उसळ आणि भाजी वाढवावी, निम्मा फायदा तिथंच मिळेल. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी यात पडू नये. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय सुरू करू नका. धान्य थांबलं आणि औषध तेवढंच राहिलं तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. आणि वाढत्या वयाच्या मुलांना वरण-भात, दूध देत राहा.